बो मी

होडीच्या धक्क्यावर एक टेबल, टेबलामागे खाम्फेत,
खाम्फेतच्या हातात खेळायचा लोखंडी गोळा.
मी तिकीट मागितलं. खाली, दक्षिणेला, दोन दिवसांचं.
तो हसला. म्हणाला, बो मी,
आणि त्याची पाळी आली म्हणून गोळा फेकायला उठून गेला.

माझ्या पुस्तकात होडी होती.
पान एकशे बारा. सकाळी आठला सुटते,
उजवीकडे बसा, डोंगर त्या बाजूला आहेत, असंही लिहिलेलं.
फुटपाथवरच्या ढिगातून साठ रुपयांना घेतलेलं पुस्तक,
त्यात नाम ऊ नदी अजून सलग वाहत होती.
इथे ती धरणाधरणांत वाटून दिलेली,
भाऊबंदकीत घर वाटतात तशी,
मधे भिंती घालून.

सातची बस? बो मी.
पैशांचं यंत्र होतं,
पण त्याच्या पडद्यावरही बहुधा तेच लिहिलेलं.
व्हिएतनामचा व्हिसा होता,
तो नऊ दिवसांनी जागा होणार होता.

सतरा दिवस मी चार रंगांच्या पेनांनी आखलेल्या
तक्त्याच्या आतून चालत आले होते.
वीज मंडळात, बिलिंगला, एकतीस वर्षं.
रकान्याबाहेर आकडा गेला की अजून बोटं अस्वस्थ होतात.
हे गाव माझ्या तक्त्यात चाळीस मिनिटांचं होतं:
'होडी बदलणे. केळी घेणे.'

तिसऱ्या रात्री, मच्छरदाणीत, उलगडलं:
बो म्हणजे नाही.
मी म्हणजे आहे.
साबण मी. जागा मी. गरम पाणी मी, पण संध्याकाळी.
साठीला आले 'मी, मी' म्हणत,
आणि चार देश ओलांडल्यावर कळतं
की हा शब्द मिठालाही लागतो.

भाच्याचा फोन:
मावशी, तुझा ठिपका नकाशावर हलत नाहीये.
म्हटलं, ठिपक्याने कपडे धुतलेत. वाळले की हलेल.

चानथोनबाईंच्या घरी खोली होती.
पहिल्या दिवशी त्यांनी एक बोट वर केलं: एकटी?
मीही एक बोट वर केलं.
पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.
चिकट भात मुठीत वळायला शिकवलं,
माझा गोळा दर वेळी सुटायचा,
त्यांची नात हसून हसून पाटावरून घसरायची.
दुपारी आम्ही चिंचा सोलायचो.
त्या त्यांच्या भाषेत बोलत, मी माझ्या,
चिंचोके एकाच टोपलीत.

सहाव्या दिवशी मी त्यांना पान एकशे चाळीस दाखवलं.
नदीच्या दगडांवर बायका शेवाळाचे पापड वाळवतायत,
हिरवेगार, वर तीळ पेरलेले.
खुणेनं विचारलं, हे कुठे मिळेल?
त्यांनी पुस्तक उजेडाकडे नेलं.
बराच वेळ बघत राहिल्या.
मग बोट टेकवलं, ते पापडांवर नाही,
मागे, फोटोच्या कोपऱ्यात, खांबांवरच्या एका घरावर.
जिना होता. जिन्यावर कोणाचं तरी लुगडं.
त्यांनी तळवा कमरेला लावला, मग गळ्याला,
मग डोक्यावर, मग टाचा उचलून
जिथवर हात पोचेना तिथवर.
बो मी, त्या म्हणाल्या.
खाम्फेत बसबद्दल म्हणाला होता, अगदी त्याच आवाजात.

ते पान मी फाडून दिलं.
पुस्तक फाडताना आयुष्यात पहिल्यांदा हात थरथरला नाही.
त्यांनी ते कॅल्क्युलेटरखाली सारलं
आणि तोच कॅल्क्युलेटर पुढे ओढून नऊ रात्रींचा हिशेब केला.
एक किपही सोडला नाही.
मला ते फार बरं वाटलं.

तक्त्याच्या पाठीला चिंचेचे डाग पडलेत,
पाचवा रंग म्हणायला हरकत नाही.

पहाटे पूर्वेकडे जाणारी छोटी बस आली,
कोंबड्या, टिनाचे पत्रे, खिडकीपर्यंत लसणाची पोती.
मी दारात उभी. पाय ठेवायलाही कुठे दिसेना.
एक बोट वर केलं.
ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं, मग मागे पाहिलं.
'मी,' म्हणाला,
आणि एक पोतं सरकवलं.